अडीच हजारांत बायपॉड घ्यायचाय? आधी रायफल उलटी करून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे ०.१७७ बोअरची पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल आहे आणि मित्राकडे त्याच बोअरची, बॅरल बिजागरीवर मोडून भरायची गॅस-पिस्टन रायफल. सुट्टीच्या दिवशी दोघं पन्हाळ्याकडच्या शेतात २५ ते ५० मीटरवर कागदावर नेम धरता. अडीच हजारांच्या आत असा एक बायपॉड, म्हणजे रायफलीच्या पुढच्या भागाखाली लावायचा दोन पायांचा टेकू, हवा, जो दोन्ही रायफलींना चालेल. शिवाय पुढच्या वर्षी जिल्हा स्पर्धेत उतरायचं आहे, तिथंही तोच वापरता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

स्पर्धेचं आधी सांगून टाकतो. तिथं बायपॉड चालणार नाही. आपल्याकडच्या स्पर्धांतली एअर रायफल म्हणजे १० मीटर, उभ्यानं, कसलाही टेकू न घेता. स्लिंग, म्हणजे हाताला आधार देणारा पट्टासुद्धा नाही आणि दुर्बीणही नाही. ५० मीटरला पडून आणि गुडघ्यावर बसून मारताना स्लिंग लावता येतो, पण रायफलीचं वजन हातांनीच पेलावं लागतं. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (पडून मारायच्या प्रकाराचं) जागतिक विजेतेपद मिळवलं ते असंच, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभ्यानं) ब्राँझ जिंकलं तेही असंच. तेव्हा स्पर्धा मनात असेल तर त्यासाठी दुधाळीच्या रेंजवर जाऊन उभ्यानं मारण्याचा सराव वेगळा सुरू करा. बायपॉड हे शेतातल्या नेमबाजीसाठी आणि रायफल आणि पेलेटची (छर्ऱ्याची) परीक्षा घेण्यासाठी आहे, असं धरून पुढचं लिहितो.

दुसरं, दोन रायफलींना एकच बायपॉड हा विचार सोडून द्या. याची कारणं नीट समजून घ्या, कारण यातच तुमचे पैसे वाचणार आहेत.

मित्राच्या रायफलीत ट्रिगर दाबल्यावर आतला जड पिस्टन जोरात पुढे धावतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे येते. मग पिस्टन पुढे दाबल्या गेलेल्या हवेवर आपटतो आणि रायफल पुन्हा पुढे झटका खाते. हे सगळं होत असताना पेलेट अजून बॅरलमध्येच असतो. म्हणजे पेलेट बाहेर पडताना रायफल कुठे असेल, हे ती कशावर टेकली आहे आणि तिला किती मोकळेपणानं हलता येतंय यावर ठरतं. बायपॉडचे दोन कडक पाय सिमेंटवर किंवा टेबलावर टेकवले की पुढचा भाग प्रत्येक वेळी वेगळा उसळतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या कार्डावर (कागदी निशाणावर) हे स्पष्ट दिसतं. तळहातावर सैल धरलेल्या स्प्रिंग रायफलीचा (हिच्यात पिस्टन स्प्रिंगनं धावतो) ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, गोळा होतो, आणि तीच रायफल बायपॉडवर ठेवली की उभा पसरतो. गॅस-पिस्टनमध्ये थरथर थोडी कमी असते, पण दुहेरी धक्का असतोच.

त्यात अडचण जागेची. बॅरल मोडायच्या रायफलीच्या पुढच्या लाकडाखाली लांब खाच असते. कॉक करताना, म्हणजे बॅरल मोडून पिस्टन मागे ताणताना, तिथून लोखंडी दांडा आत-बाहेर होतो. म्हणजे बायपॉड अडकवायचा स्टड (छोटी खुंटी) बसवायचा तिथं लाकूडच नसतं. म्हणून लोक बॅरललाच चिमटा लावतात. हा तर सगळ्यात वाईट प्रकार. बॅरलवर वजन आलं की नेम सरकतो, आणि ही बॅरल प्रत्येक पेलेटला बिजागरीवर मोडायची असल्यानं बायपॉडही तिच्याबरोबर खाली-वर फिरतो. मित्राला सांगा, डावा तळहात मऊ पिशवीवर उताणा ठेव, रायफल त्यावर सैल टेकव, रोज त्याच जागी टेकव. खर्च शून्य, आणि कुठल्याही बायपॉडपेक्षा त्याचा ग्रुप सुधारेल.

आता तुमची पीसीपी. हिच्यात धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे बायपॉड हिला मानवतो. पण ऑनलाइन दुकानं उघडण्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, ती उलटी करून टेबलावर ठेवा आणि स्टॉकचा (लाकडी किंवा प्लास्टिकच्या दस्त्याचा) खालचा भाग बघा. तिथं काय आहे यावरच कुठला बायपॉड बसणार हे ठरतं. गोल भोकाचा छोटा स्टड असेल तर स्टडला चिमटणारा प्रकार. खाचांची पट्टी असेल तर पिकॅटिनीचा क्लॅम्प. इथं एक बारकावा आहे. अशा पट्टीचे पिकॅटिनी आणि वीव्हर असे दोन प्रकार असतात. पिकॅटिनीच्या खाचा साधारण ५.२ मिलिमीटर रुंद असतात आणि वीव्हरच्या साधारण ४.६. दिसायला दोन्ही सारख्याच. पिकॅटिनीसाठी केलेल्या जाड आडव्या खिळीचा क्लॅम्प वीव्हरच्या खाचेत बसत नाही. उलटं केलं तर बसतो, पण पुढे-मागे हलत राहतो. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे दोन मिनिटांत मोजून मिळेल.

आणि खाली काहीच नसेल तर? बऱ्याच रायफलींत नसतंच. अशा वेळी स्वस्त क्लॅम्पचा मोह होतो, जो हवेच्या सिलिंडरला किंवा बॅरलला आवळायचा असतो. तो घेऊ नका. पीसीपीमध्ये सिलिंडर आणि बॅरल बहुतेक वेळा पुढे एका कड्यानं जोडलेले असतात. सिलिंडरवर भार आला की तो कडं ओढतो, कडं बॅरलला ओढतं. सकाळी जुळवलेला नेम दुपारी दुसऱ्याच ठिकाणी, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या रायफलीखाली मी पहिल्यांदा हाच क्लॅम्प शोधतो. बायपॉड स्टॉकलाच बसला पाहिजे.

स्टॉकला स्टड बसवणं अवघड काम नाही, पण घाईचं नाही. ॲक्शन (बॅरल, सिलिंडर आणि ट्रिगरचा भाग) स्टॉकमधून पूर्ण काढून मगच भोक पाडायचं. पीसीपीत लाकडाच्या अगदी वर सिलिंडर असतो, त्यात २०० बारच्या आसपास दाबाची हवा भरलेली असते. ड्रिल आरपार गेलं किंवा स्क्रू दोन मिलिमीटर जास्त लांब निघाला तर तो थेट सिलिंडरला टोचतो. त्यामुळे त्या जागी लाकडाची जाडी मोजा, स्क्रू त्याहून आखूड घ्या. लाकडी स्टॉकला आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा आणि स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण चोळा, म्हणजे लाकूड उकलत नाही. प्लास्टिकचा स्टॉक आतून पोकळ असतो, त्यात लाकडी स्क्रू धरत नाही. तिथं आतून नट आणि रुंद वॉशर लावून मशीन स्क्रूच हवा. स्वतः करायची खात्री नसेल तर चांगल्या सुताराला स्टॉक तेवढा नेऊन द्या, रायफल नको. आणि हे सगळं विनापरवान्याच्या एअर रायफलीबद्दल, म्हणजे ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतली. परवान्याच्या हत्याराला हात लावायचा तर परवानाधारक गनस्मिथकडेच जा.

आता उंची. जाहिरातीत तीन मापं दिसतील: ६ ते ९ इंच, ९ ते १३ इंच आणि साधारण १३ ते २७ इंच. जास्त उंचीचा घेतला की सगळीकडे चालेल, असं वाटतं. तसं होत नाही. पाय जितके लांब बाहेर काढाल तितके ते वाकतात आणि हलतात. स्वस्त बायपॉडमध्ये तर शेवटच्या खाचेवर पाय डगमगतोच. बसून मारायचं असेल तर सगळ्यात उंच प्रकाराला पर्याय नाही, पण पडून किंवा टेबलावरून मारणाऱ्याला बहुतेक वेळा ६ ते ९ पुरतो. तुमच्या शेतात जमीन उताराची असेल आणि निशाण पायथ्याऐवजी वर असेल तर मात्र ९ ते १३ लागू शकतो. अंदाजानं ठरवू नका. चटईवर नेहमीसारखे पडा, स्टॉकच्या पुढच्या भागाखाली वह्या-पुस्तकांची थप्पी लावा, मान न ताणता दुर्बिणीतून पूर्ण गोल दिसेपर्यंत थप्पी कमी-जास्त करा, आणि मग पट्टीनं मोजा. हा आकडा बायपॉडच्या मापाच्या मध्यभागी आला पाहिजे, टोकाला नको.

अडीच हजारांत काय येतं? खरा हॅरिस त्या पैशात येणार नाही. हॅरिस ही अमेरिकन कंपनी. आज बाजारात दिसणारे स्प्रिंगच्या पायांचे बहुतेक बायपॉड तिच्याच रचनेची नक्कल आहेत. म्हणून तिची अक्षरं कळली की जाहिराती वाचता येतात. बीआर म्हणजे ६ ते ९ इंच, एल म्हणजे ९ ते १३. पुढे एम असेल तर पायाला खाचा आहेत, म्हणजे दोन्ही पाय मोजून सारखे बाहेर काढता येतात. सुरुवातीला एस असेल तर वरचा भाग डावी-उजवीकडे कलतो. नकलांच्या जाहिरातीत ही अक्षरं नसली तरी चित्रावरून ओळखता येतं. तुमच्या बजेटमध्ये खाचांचे पाय हवेतच, ते सोडू नका. गुळगुळीत पाय फक्त स्क्रूनं आवळायचे असतील तर स्वस्त मालात तो स्क्रू घसरतो.

कलणारा घ्यावा की न कलणारा, यावर मी परिस्थिती बघून उत्तर देतो. आधी कलण्यानं काय बिघडतं ते बघा. ५० मीटरला पोचेपर्यंत आपला पेलेट बॅरलच्या रेषेपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर खाली येतो. दुर्बीण त्याची भरपाई करते, पण रायफल सरळ उभी आहे असं धरून. ती ५ अंश कलली की त्या भरपाईतले जवळजवळ दोन सेंटिमीटर बाजूला जातात. २५ मीटरला हाच फरक अर्धा सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि १० मीटरला एक मिलिमीटरही नसतो. म्हणजे तुम्ही ५० मीटरला मारताय आणि जमीन नांगरलेली, बांधाची आहे, तर कलणारा घ्या. फक्त त्याला ताण आवळायची कळ किंवा चाक हवं. नुसता सैल डुलणारा बायपॉड घेण्यापेक्षा न कलणारा घट्ट बायपॉड घ्या आणि एका पायाखाली लाकडाची पातळ फळी सरकवा. सपाट सिमेंटच्या टेबलावरूनच मारणार असाल तर मी न कलणाराच सुचवेन. त्याच किमतीत तो जास्त मजबूत मिळतो, कारण ढिला व्हायला एक सांधा कमी.

पार्सल आलं की रायफलीला लावण्याआधी पंधरा मिनिटं त्याच्यासोबत बसा. दोन्ही पाय उघडून मधल्या खाचेवर लावा, वरचा भाग हातात धरून टेबलावर दाबा आणि डावी-उजवीकडे हलवा. पायांच्या बिजागरीत थोडी हालचाल चालते, टकटक आवाज चालत नाही. मग एक पाय तळहातानं वर ढकला. खाचेतून सुटला तर लगेच परत पाठवा. स्टडच्या भोकात शिरणाऱ्या दोन छोट्या आकड्यांकडे बघा, दोन्ही सारख्या लांबीच्या आणि समोरासमोर हव्यात. स्टॉकला टेकणारी वरची गादी दोन्ही बाजूंनी एकसारखी बसली पाहिजे. कडक प्लास्टिक असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घाला, ओरखडे पडत नाहीत आणि पकडही बसते. क्लॅम्पच्या धातूत बारीक भोकं किंवा शिवणीसारखी रेघ दिसली तर ते ठिसूळ ओतकाम समजा. आवळताना तिथूनच चिरतं. हे सगळं ठीक असेल तर स्क्रू एकेक करून काढा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) एकेक थेंब लावून परत आवळा. लाल लावू नका, मग स्क्रू तापवल्याशिवाय सहसा निघत नाही. पहिल्या दिवसाच्या सरावानंतर सगळे स्क्रू पुन्हा एकदा तपासा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. बायपॉड रायफलीचा फक्त पुढचा भाग उचलून धरतो. मागचा बट (खांद्याला टेकणारं टोक) तुमच्या खांद्यावर आणि श्वासावर डोलत राहतो. घरातल्या दोन पायांच्या शिडीला मागून कुणीतरी धरावं लागतं, तसं रायफलीलाही मागे काहीतरी हवं. म्हणून अडीच हजारांतले सगळे पैसे बायपॉडवर घालवू नका. बटखाली ठेवायची पिशवी तेवढीच महत्त्वाची आहे, माझ्या अनुभवात तर थोडी जास्तच. जुन्या जीन्सच्या पायाचा वीतभर तुकडा घ्या, एक टोक शिवा, धुऊन कडक उन्हात वाळवलेली वाळू भरा आणि दुसरं टोक शिवून टाका. पूर्ण ठासून भरू नका, मूठ आवळता आली पाहिजे. तांदूळ भरलेला मोजा उन्हाळ्यात चालतो, पण आपल्या पावसाळ्यात तो दमट होतो आणि किडे लागतात. प्लास्टिकचा दाणा मिळाला तर उत्तम, वजनाला हलका. वर चामड्याचा तुकडा लावून हवा असेल तर चप्पल लाइनमधले कारागीर मजबूत शिवून देतात. वापरताना डावा हात पुढे न ठेवता मागे, या पिशवीवर ठेवा. मूठ आवळली की बट वर येतो आणि नेम खाली जातो, सैल सोडली की उलट. नेमाची शेवटची बारीक हालचाल अशी मुठीनं करायची, खांद्यानं नव्हे.

खांदा मात्र एका कामाला हवा. पडल्यावर शरीर रायफलीच्या सरळ मागे घ्या, तिरकं नको. मग खांद्यानं रायफल अगदी हलकी पुढे रेटा, इतकीच की बायपॉडच्या पायांतला सैलपणा निघून जाईल. हा रेटा दर पेलेटला तेवढाच हवा. मोठ्या बोअरचे नेमबाज बराच जोर लावतात, त्यांचं बघून तुम्ही तसं करू नका. आपल्या हलक्या स्टॉकला जोरात रेटलं की तो वाकतो, आणि काही रायफलींत बॅरलला टेकतोही. गुळगुळीत फरशीवर रबरी पाय घसरतात, तिथं गोणपाट किंवा पायपुसणं टाका. रेटायला काहीतरी पकड लागतेच.

पेलेटवरही थोडे पैसे ठेवा. १० मीटरच्या कार्डासाठी सपाट तोंडाचे पेलेट असतात, ते स्वच्छ गोल भोक पाडतात. पण २५ मीटरच्या पुढे ते लवकर वेग गमावतात आणि भरकटतात. तुमच्या अंतराला गोल तोंडाचे घ्या, दोन-तीन वजनांचे छोटे डबे आणून बघा. तुमच्याच रायफलीला कुठला मानवतो हे दुकानदार सांगू शकत नाही.

शेतात मारताना निशाणाच्या मागे मातीचा उंच बांध हवा. उभा ऊस हा आडोसा नव्हे. पेलेट पानांतून पार होतो आणि शेकडो मीटर जाऊ शकतो. गळीत हंगामात उसाच्या आत तोडणीची माणसं, त्यांची पोरं असतात, आणि बाहेरून ती दिसत नाहीत. बांध नसेल तर पोत्यांत माती भरून दोन थर रचा, तोवर रायफल पिशवीतच राहू द्या. पक्ष्यांवर मारणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे मित्रालाही सांगा.

शेवटी बायपॉड घेतल्यावर तो खरंच उपयोगाचा आहे का, हे पाहायची पद्धत. वारा नसलेली सकाळ निवडा, २५ मीटरवर कोरं कार्ड लावा. पाच पेलेट पुढे-मागे दोन्हीकडे पिशवी ठेवून मारा, पुढचे पाच बायपॉडवरून, मग पुन्हा पिशवी, मग पुन्हा बायपॉड. आधी सगळे पिशवीचे आणि नंतर सगळे बायपॉडचे असं करू नका. तोवर सिलिंडरचा दाब उतरलेला असतो, तुम्हीही दमलेले असता, आणि दोष बायपॉडवर येतो. प्रत्येक ग्रुपमधल्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं मधोमध अंतर मोजून कार्डावर लिहा. चांगल्या पीसीपीचे पाच पेलेट या अंतरावर रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले पाहिजेत. पिशवीवर झाकले जातात आणि बायपॉडवर नाही, असं दोन-तीनदा दिसलं तर आधी स्टडचा आणि क्लॅम्पचा स्क्रू बघा, मग रेटा कमी करून बघा. तरीही तेच येत असेल तर परत पाठवायची मुदत संपण्याआधी तो परत करा. आणि पिशवीवरही झाकले जात नसतील, तर बायपॉड बदलून काही होणार नाही. दुर्बिणीचे माउंट आवळा, बॅरल स्वच्छ करा, पेलेटचा दुसरा डबा उघडा.